फोटोच्या कडेचं अर्धं चाक

मी गाडी बोलतेय. लष्कराची, लढाईच्या काळातली. लॉर्ना टिलब्रुकच्या घरी शेकोटीच्या वरच्या फळीवर एक फोटो आहे. त्यात मधोमध एक गाडी ऐटीत उभी आहे आणि तिच्या बॉनेटवर हात टाकून लॉर्नाचा बाप हसतोय. ती गाडी मी नव्हे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा गैरसमज व्हायला नको. इथं एकीचा झाला, तेवढा पुरे. फोटोच्या उजव्या कडेला नीट बघा. तिथं अर्धं कापलेलं एक चाक दिसतं. ती मी.

साठ वर्षांत त्या चाकाकडं कुणी ढुंकून बघितलं नाही.

माझे भाग कॅनडात घडले. खोक्यांत भरून, बोटीत घालून ते ऑस्ट्रेलियात आणले आणि इथल्या कारखान्यात बायकांनी मला जोडलं. पुरुष सगळे लढायला गेले होते. जिनं माझ्या दाराचे बोल्ट आवळले ती बाई दिवसभर कुणाला ना कुणाला शिव्या घालायची. तिचीच जीभ मला लागली असावी. गुळमुळीत बोलणं मला जमत नाही.

रूपाचं म्हणाल तर आनंदच. चपटं नाक, थोराड चाकं आणि समोरची काच उलटी तिरकी, वरून पुढं झुकलेली, खालून आत गेलेली. उन्हात चमकून विमानातून दिसू नये म्हणून तशी बसवलेली. मला आणि माझ्या बहिणींना सगळे 'ब्लिट्झ' म्हणायचे. इंजिन अर्धं पुढं नाकात, बॉनेटखाली, आणि अर्धं आत, ड्रायव्हरच्या मांडीला चिकटून. त्यामुळं माझ्यात बसणाऱ्याची एक मांडी कायम भाजलेली.

माझ्या ड्रायव्हरचं नाव क्लॅरी नोस्के. तेवीस वर्षांचा, लांब हातांचा, लाजरा. माझ्या पुढच्या गाडीवर अर्न टिलब्रुक. तो तिशीतला, बोलका, पोटापाण्यासाठी टिलीगा नावाच्या गावात गहू पिकवणारा. घरी बायको हिल्डा आणि एक तान्ही पोर, ती त्यानं अजून बघितलेली नव्हती. पण तिच्याबद्दल बोलायचा असा, की जणू रोज मांडीवर घेतोय.

"दात आलेत म्हणे," तो क्लॅरीला सांगायचा. "खाली दोन. हिल्डा लिहिते, चावते कचाकचा."

"बापावर गेलीय," क्लॅरी म्हणायचा.

"बापावर नको बाबा. बापाचं नाक बघितलंस ना? त्यापेक्षा तुझ्या गाडीचं बरं."

आमचा ताफा ॲलिस स्प्रिंग्जहून उत्तरेला जायचा. पेट्रोल, पीठ, बॉम्ब, पत्रं, सगळं पाठीवर. रस्ता म्हणजे लाल धूळ, आणि ती धूळ म्हणजे भिंत. म्हणून नियम होता की दोन गाड्यांत दोनशे पावलं अंतर ठेवायचं. पुढच्याला थांबावं लागलं तर त्यानं आधी मागं चालत यायचं आणि हात वर करून मागच्याला थांबवायचं. मग बाकीचं काम.

त्या जुलैत एका मुक्कामावर क्लॅरीनं उसना कॅमेरा आणला आणि अर्नला त्याच्या गाडीपाशी उभं केलं. मी शेजारी होते. क्लॅरीला कॅमेरा नीट धरता येईना, म्हणून माझं अर्धं चाक आत आलं. अर्न ओरडला, "लवकर आटप, बॉनेट तापलंय, हात भाजतोय!" म्हणून तो हसतोय. बाकी काही नाही. लॉर्नाला आता वाटतं, बाप आपल्याकडं बघून हसतोय. वाटू दे. तेवढं काही खोटं नाही.

आता ते सांगते, जे मी कुणाला सांगू शकले नाही.

आमचे ड्रायव्हर जेवण रस्त्यातच गरम करायचे. मांसाचा बंद डबा घ्यायचा, त्याला खिळ्यानं दोन भोकं पाडायची आणि इंजिनाच्या तापलेल्या नळीवर तारेनं बांधून ठेवायचा. तासाभरात आत रस्सा उकळतो. प्रत्येक जण करायचा. भोकं मात्र पाडायचीच, नाहीतर डबा फुटतो. हे पहिल्या दिवशी शिकवतात.

ऑगस्टमधल्या त्या सकाळी क्लॅरी घाईत होता आणि भोकं पाडायला विसरला. बस, एवढंच. दारू नाही, झोप नाही, भांडण नाही. भोकं पाडायची राहिली.

डबा फुटला तो बंदुकीसारखा आवाज करून. उकळता रस्सा त्याच्या तोंडावर, डोळ्यांत, काचेवर. तो किंचाळला, एका हातानं तोंड पुसायला लागला. दुसरा हात स्टिअरिंगवर होता, पण डोळे बंद. आणि पाय, भाजलेला माणूस जसा ताठ होतो, तसा पुढं दाबला गेला, नेमका ॲक्सिलरेटरवर. मी धुळीच्या भिंतीत घुसले.

अर्न थांबला होता. त्याच्या मागच्या फळीची साखळी सुटली होती आणि पेट्रोलचं पिंप पडायला आलं होतं. नियमानं त्यानं आधी मागं चालत यायला हवं होतं. पण पिंप पडलं तर सगळंच पेटायचं, म्हणून त्यानं आधी साखळीला हात घातला. माझ्याकडं पाठ करून उभा होता.

मी त्याला धडकले. तो माझ्या आणि त्याच्या गाडीच्या मध्ये. त्याची गाडी धक्क्यानं पुढं गेली आणि कोरड्या ओढ्यात कोसळली. माझं बॉनेट चुरगाळलं.

क्लॅरी उतरला आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन धुळीत बसला. अर्न अर्धा तास जिवंत होता. कमरेखालचं त्याला काही कळत नव्हतं. त्यानं डोळे उघडले, क्लॅरीचं तोंड बघितलं. लाल, रश्श्यानं माखलेलं, भाजून सोललेलं.

"अरे, तुला लागलंय, क्लॅरी," तो म्हणाला. "रक्त किती येतंय. माझं राहू दे. कुणीतरी याचं बघा रे आधी."

हे रक्त नाही, रस्सा आहे, असं क्लॅरी कसं सांगणार होता? अर्न तीन-चारदा तेच म्हणाला, 'याचं बघा, याचं बघा.' मग म्हणायचा थांबला.

चौकशी झाली. क्लॅरी म्हणाला, धुळीत दिसलं नाही. ते खरंच होतं. डब्याचं त्यानं सांगितलं नाही; तोंड रेडिएटरच्या वाफेनं भाजलं, असं सगळ्यांनी धरलं. साहेबानं 'अपघात' लिहून वही मिटली. हिल्डाला तार गेली ती तीन ओळींची.

वर्कशॉपात अर्नच्या गाडीची हाडं मोडून सुटे भाग काढले. सांगाडा वाकला होता, पण बॉनेटला ओरखडाही नव्हता. ते काढून माझ्यावर बसवलं. त्यावर पांढऱ्या रंगात तिचा आकडा होता, सत्तावन्न हजार तीनशे चौदा. फिटरनं ब्रश उचलला.

"राहू दे तो आकडा," क्लॅरी म्हणाला.

"कागदावर तुझी गाडी वेगळ्या आकड्याची आहे, बाबा."

"मागच्या फळीवर आहे ना माझा आकडा? मग हा राहू दे."

फिटरनं त्याच्या तोंडावरच्या पट्ट्या बघितल्या आणि ब्रश खाली ठेवला. तेव्हापासून मी माझ्या अंगावर तिचं कपाळ घेऊन फिरतेय.

लढाई संपली. आम्हा गाड्यांचा लिलाव झाला. शेकडो उभ्या होतो, एकसारख्या. लोक टायर बघत होते, इंजिन बघत होते. क्लॅरी फक्त बॉनेटं बघत रांगेतून चालत आला आणि माझ्यासमोर थांबला. त्याचं स्वतःचं गाव दोनशे मैलांवर होतं. तिथं तो गेला नाही. मला घेऊन तो थेट टिलीगाला आला, गावाच्या कडेची जमीन कसायला घेतली आणि तिथंच राहिला. लग्न केलं नाही.

गावाच्या आग विझवणाऱ्या पथकाला त्यानं मला देऊन टाकलं. पाठीवर पाण्याची टाकी आली, अंगावर लाल रंगाचे तीन हात चढले, मी गावचा बंब झाले. चालवायचा मात्र तोच. गव्हाला आग लागली की भोंगा व्हायचा आणि इतर पोचायच्या आत क्लॅरी माझ्यात बसलेला असायचा. किती रानं वाचवली आम्ही! लोक त्याच्या पाठीवर थाप मारायचे, तो अंग चोरायचा.

आणि दर हिवाळ्याच्या तोंडाला तो टाकी उतरवून माझ्यावर सरपण भरायचा. मॅलीच्या झाडांची जाडजूड मुळं, रात्रभर धुमसणारी. ती हिल्डा टिलब्रुकच्या परसात नेऊन रचायचा. अंगण झाडून जायचा. घरात पाऊल टाकायचा नाही. हिल्डा चहा आणून पायरीवर ठेवायची, तो उभ्यानं प्यायचा आणि कप तिथंच पालथा ठेवायचा.

लॉर्ना तेव्हा सहा-सात वर्षांची. तोंडाळ पोर. कुंपणावर बसून ओरडायची, "लाकूडतोंड्या आला! लाकूडतोंड्या आला!" भाजल्यामुळं क्लॅरीच्या एका गालाची कातडी ताणून लाकडासारखी झाली होती. तो तिच्याकडं बघायचा नाही. मुळं रचत राहायचा. हिल्डानं एकदा पोरीला सगळ्यांदेखत थोबाडीत मारली. त्या बाईला मी दुसऱ्या कुणावर हात उगारताना पाहिलं नाही.

एका वर्षी हिल्डा माझ्यापाशी आली. क्लॅरी दोर सोडत होता.

"तू अर्नच्याच ताफ्यात होतास ना?" तिनं विचारलं.

"हो."

"त्याच्या जवळ होतास?"

क्लॅरी दोराची गाठ सोडत राहिला. आधीच सुटलेली गाठ.

"मागच्या गाडीवर होतो," तो म्हणाला.

हिल्डा उभी राहिली. मी म्हटलं, आता विचारेल. विचार ना बाई, याला एकदा मोकळं कर, मलाही कर! पण ती म्हणाली, "चहा निवेल," आणि आत गेली. तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. तेहतीस हिवाळे मी दोघांच्या मध्ये उभी होते आणि हेच बघत होते. माणसं एकमेकांना सांभाळून घेतात असं म्हणतात. मला विचाराल तर घाबरतात.

हिल्डा आधी गेली. दोन वर्षांनी क्लॅरी गेला. पथकाला नवा बंब आला. मला पत्र्याच्या शेडमागं, खेळाच्या मैदानाच्या कुंपणाला लावून ठेवलं. इथं जुनी यंत्रं कुणी भंगारात देत नाही, कुंपणाला लावून ठेवतात, म्हणे कधीतरी एखादा भाग उपयोगी पडेल. माझ्या शेजारी एक नांगर आहे आणि एक कापणी यंत्र. दोघंही मुके. गॅला पक्ष्यांनी माझ्या सीटचा काथ्या उपसून नेला. तुटलेल्या काचेतून गहू उगवला, वाळला, परत उगवला. पंचवीस वर्षं.

मग तो मेळावा आला. जुन्या यंत्रांची हौस असलेले म्हातारे दर वसंतात मैदानावर जमतात. ट्रॅक्टर धडधडवतात, सॉसेज भाजून पावात घालून खातात आणि एकमेकांना अक्कल शिकवतात. लॉर्ना आता साठी ओलांडलेली, गुडघे गेलेली, जीभ मात्र होती तशीच. ती फोटो घेऊन आली. तो ती कधी घराबाहेर काढत नसे. म्हाताऱ्यांच्या घोळक्यात शिरली आणि म्हणाली, "तुम्ही स्वतःला मोठे जाणकार समजता ना? ही गाडी कुठली, कधीची, सांगा. माझ्या बापाची आहे."

म्हातारे मला टेकून उभे होते. मला! एकानं चष्मा वर केला. "फोर्ड."

"डोळे तपासून घे," दुसरा म्हणाला. "जाळी बघ. शेव्हरलेट आहे."

"पन्नास वर्षं गाड्या बघतोय मी."

"पन्नास वर्षं बायकोपण बघतोयस, परवा दुकानात भलतीच्या खांद्यावर हात टाकलास."

हशा झाला. लॉर्ना हसली नाही. तेव्हा मागून लिंडसे ग्लॅट्झ पुढं आला. रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला मेकॅनिक, कमी बोलणारा, खिशात कायम भिंग बाळगणारा. त्यानं फोटो उन्हात धरला.

"हा कधीचा आहे म्हणालीस?"

"लढाईच्या सुरुवातीचा. भरती झाल्यावरचा. आई म्हणायची."

"तुझ्या आईला कुणी सांगितलं?"

"बाप गेल्यावर त्याच्या सामानाच्या पुडक्यात आला तो. मागं काही लिहिलेलं नव्हतं. आईनं अंदाज केला."

"अंदाज चुकला," लिंडसे म्हणाला. "ही काच बघ. उलटी तिरकी आहे. आधीच्या गाड्यांची काच सरळ उभी. असली काच बेचाळीस सालाच्या आत इकडं कुणाला दिसलेली नाही. हा फोटो त्रेचाळीसचा धर. आणि ही पिठासारखी बारीक धूळ चाकावर चढलीय, ती ॲलिसच्या वरची."

लॉर्नाचा आवाज बारीक झाला. तो असा मी कधी ऐकला नव्हता.

"त्रेचाळीस? म्हणजे तेव्हा मी होते?"

"तू कधीची?"

"बेचाळीसच्या मार्चची."

"मग होतीस की."

"मला वाटायचं, या फोटोतल्या माणसाला मी माहीतच नाही," ती म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं. म्हाताऱ्यांनी सॉसेजकडं बघायला सुरुवात केली.

लिंडसेचं भिंग बॉनेटवर फिरत होतं. "आकडा दिसतोय. सत्तावन्न, तीन, पुढचं याच्या हाताखाली... नाही, दिसतंय. एक, चार." भिंग आणखी थोडं उजवीकडं सरकलं असतं तर त्याला मी दिसले असते. पण ज्याला जे शोधायचं असतं तेच त्याला दिसतं.

"या जातीची एक आपल्या गावात आहे," लॉर्ना म्हणाली. "तुम्ही सगळे तिला टेकून उभे आहात, शहाण्यांनो."

लिंडसे दुसऱ्या दिवशी बादली आणि पॉलिश कागद घेऊन आला. जुन्या गाड्यांचा आकडा असाच काढतात. पाणी लावून हळूहळू घासायचं, एकेक थर उतरवायचा. लाल, लाल, लाल, मग लष्करी हिरवा. तो आठवडाभर घासत होता. मला वाटत होतं, हा माझी कातडी सोलतोय आणि खाली दुसरीचीच निघणार आहे. आधी पाच निघाला. मग सात. चार आकडे निघाल्यावर लिंडसेनं घासणं थांबवलं. त्यानं लॉर्नाला बोलावलं आणि शेवटचा चार तिच्या समोर काढला.

तिनं आकडा बघितला, फोटो बघितला, परत आकडा बघितला. मग त्या जाड बाईनं माझ्या बॉनेटवर गाल टेकला आणि तिथंच ओठ लावले.

"डॅड," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी हाक मारावी तशी.

मला जीभ असती तर मी तेव्हाच ओरडले असते. उठ बाई! तू कुणाला मिठी मारतेयस ते बघ! पण मला होता फक्त एक गंजलेला भोंगा, त्याची तारसुद्धा उंदरांनी खाल्लेली.

मग गावाला उत्साह चढला. पंचवीस एप्रिलला, शहीद सैनिकांच्या दिवशी, स्मारकापर्यंत संचलन असतं. त्यात सगळ्यांच्या पुढं मी जायचं ठरलं. लॉर्ना माझ्यात बसणार, उजव्या छातीवर बापाची पदकं लावून. दारावर पाटी रंगवली, 'अर्न टिलब्रुकची गाडी'. लिंडसेनं इंजिन खोललं. लॉर्ना रोज यायची, चिंधीनं माझा दिवा पुसायची आणि त्या गाडीशी बोलायची, जी मी नव्हते. बापाबद्दल तिला एकच गोष्ट हवी होती. तो कसा गेला. ती अर्ध्या आशेवर होती, की गाडी सापडली म्हणजे तेही सापडेल.

"कागद मागव," ती लिंडसेला म्हणाली. "गाडीचा असतो ना कागद? आणि डॅडच्या चौकशीचाही मागव. मी सही करते. साठ वर्षं 'अपघात' हा एकच शब्द खाऊन जगलेय मी."

कागद मार्चमध्ये आले. लिंडसे तीन दिवस मैदानाकडं फिरकला नाही. चौथ्या दिवशी आला. आधी माझ्याखाली झोपून सांगाड्यावर ठोकलेला आकडा तारेच्या ब्रशनं घासून वाचला. बाहेर आला, मातीत बसून राहिला. लॉर्ना आली ती चिंधी आणि तेलाची बाटली घेऊन.

"तोंड का पाडलंयस? कुत्रं मेलं का?"

"बस जरा, लॉर्ना."

"कशावर बसू, तुझ्या डोक्यावर? बोल काय ते."

"ही तुझ्या बापाची गाडी नाही."

"आकडा मग मी काढला का रात्री येऊन?"

"आकडा त्याचा. बॉनेट त्याचं. पण त्याची गाडी त्याच दिवशी मोडीत निघाली, इथं लिहिलंय. तिचं बॉनेट दुसरीवर चढवलं. ही ती दुसरी."

"दुसरी कुठली?"

लिंडसेनं कागद पुढं केला. लॉर्नानं चष्मा लावला आणि शब्दांवर बोट ठेवत वाचायला लागली. बोट सावकाश चालत होतं. मग एका ओळीवर थांबलं. मी ते बोट बघत होते. साहेबानं लिहिलेली ती ओळ मला पाठ आहे: मागून येणाऱ्या गाडीने धुळीमुळे धडक दिली. आणि खाली ड्रायव्हरचं नाव.

"नोस्के," ती म्हणाली. "आमच्याकडं लाकडं टाकायचा, तो?"

"हो."

"याच गाडीतून?"

"याच."

तिच्या हातातली तेलाची बाटली पडली. ती वाकून उचलायला गेली आणि मध्येच थांबली. "मी त्याला लाकूडतोंड्या म्हणायचे," ती म्हणाली. "त्या लाकडांवर आम्ही हात शेकायचो. आईला... लिंडसे, आईला माहीत होतं का रे?"

"मला काय माहीत?"

"तुला काय माहीत! कुणालाच कसं काय माहीत नसतं? सगळे चांगले, सगळे सभ्य, आणि कुणालाच काही माहीत नाही!" ती वळली आणि तिनं माझ्या दारावर मूठ हाणली. रंगवलेल्या पाटीवर. दोनदा. मग गेली, दुखऱ्या गुडघ्यांनी, जमेल तेवढ्या वेगानं.

मला ती मूठ बरी वाटली. चुंबनापेक्षा खरी होती.

पंचवीस एप्रिलला मी कुंपणालाच होते. पहाटे दूरवर बिगुल ऐकला. लॉर्ना फोटो छातीशी धरून चालत गेली, असं नंतर लिंडसेच्या बोलण्यातून कळलं. मे महिन्यात भंगारवाला येऊन मला मोजून गेला. मी म्हटलं, बरोबर आहे.

जूनच्या एका करड्या दुपारी ती लिंडसेला घेऊन आली.

"भंगारवाल्याला नाही म्हणून सांगितलं मी," ती म्हणाली. "हिला इथंच राहू दे. बॉनेट तेवढं काढ."

"आत्ता?"

"नाही, माझ्या मयताला. काढ."

जुने बोल्ट हलेनात. लिंडसेनं तेल घातलं, वाट बघितली, परत पाना लावला. शेवटी बॉनेट सुटलं. त्याचं एक टोक तिनं धरलं, दुसरं त्यानं, आणि दोघांनी ते ब्लँकेटात गुंडाळून तिच्या गाडीत ठेवलं. पासष्ट वर्षांनी माझ्या कपाळावर वारा लागला.

"तू पुढं हो," ती लिंडसेला म्हणाली. "मी येते."

तो गेल्यावर तिनं माझं दार उघडलं आणि कष्टानं वर चढली. ड्रायव्हरच्या सीटवर बसली. क्लॅरीच्या जागेवर. स्प्रिंगा टोचत असतील, ती हलली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि तुटलेल्या काचेतून समोर बघत राहिली, जसं काही पुढं धूळ आहे.

"कागदावर अर्धा तास लिहिलंय," ती हळू म्हणाली. "अर्धा तास काय केलं तुम्ही? बोलला का तो काही? माझं नाव घेतलं?"

मला ठाऊक होतं. शब्दन् शब्द. तिचं नाव नव्हतं त्यात. पण ते ऐकून तिला बाप मिळाला असता, अख्खा, रक्तामांसाचा. मरताना दुसऱ्याचं बघा म्हणणारा. आणि क्लॅरीही मिळाला असता. अर्धा तास ती बसली. मग उतरली, दार हळूच लावून घेतलं आणि गेली. परत आली नाही. येऊन करणार तरी काय.

आता मी उघडी उभी आहे. पाऊस थेट इंजिनावर पडतो. गॅला पक्षी नळीवर बसतात, ज्या नळीला डबा बांधला होता तिच्यावर. दोन-चार हिवाळ्यांत माझं पीठ होईल आणि मातीत जाईल. मला माझ्यासाठी काही मागायचं नाही.

तुमच्या घरातही फळीवर फोटो असतील. त्यातल्या गाड्या ओळखता येतात, वर्षं ठरवता येतात, आकडे घासून निघतात. पण परसात लाकडं रचून जो माणूस चहा उभ्यानं पितो, त्याला तो जिवंत आहे तोवर विचारा. कितीही वाईट उत्तर येणार असलं तरी विचारा. तो सांगणार नाही, परत विचारा. नाहीतर नंतर एका दुपारी माझ्यासारखीच्या पोटात येऊन बसाल आणि विचाराल. आणि मला सगळं माहीत असेल, आणि मी लोखंड असेन.